मे महिन्यातले सोलापूर टेबलावर : लघुसैनिक, तट आणि काळी माती (चर्चेचा धागा)

भुईकोट

गेली तीन वर्षे मी लघुसैनिक, म्हणजे युद्धखेळातल्या सैनिकांच्या छोट्या प्रतिकृती, रंगवतो आहे आणि त्यांच्यासाठी लढाईचे टेबल तयार करतो आहे. आतापर्यंतची टेबले शिकवण्यांच्या चित्रफिती पाहून केली होती, त्यामुळे त्यांवर हिरवीगार कुरणे, दगडी कुंपणे आणि उतरत्या छपरांची घरे होती. या वेळी मात्र आपल्याच गावातली लढाई घ्यायचे ठरवले आहे. १८१८ च्या मे महिन्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या जनरल मन्रोच्या फौजेने सोलापूरला वेढा घातला, १० मे रोजी पेठेवर हल्ला झाला आणि १५ मे रोजी किल्ला कंपनीच्या ताब्यात गेला. दरम्यान किल्ल्याबाहेरची पेशव्यांची फौज सीना नदीच्या दिशेने निघाली असताना तिचा पाठलाग झाला. या घटनेतले दोन प्रसंग मला दोन टेबलांवर मांडायचे आहेत : पहिला तटाखालचा आणि दुसरा उघड्या रानातला.

काम सुरू करताच लक्षात आले की अडचण सैनिकांची नाही, जमिनीची आहे. दुकानात तयार मिळणारे कृत्रिम गवत हिरव्या रंगाचे असते आणि तपकिरी भुकटी आणली तरी ती आपल्या मातीशी जुळत नाही. मे महिन्यात आपल्याकडे शिवारात हिरवे काय असते? कडुनिंब, चिंच, बांधावरची बाभूळ आणि तळ्याकाठची थोडी जागा. बाकी सगळे रान उघडे असते. सैनिक कितीही बारकाईने रंगवला, तरी त्याच्या पायाखाली परदेशातले कुरण असेल तर तो सोलापुरात उभा आहे असे वाटणार नाही, आणि म्हणून या वेळी मी आधी जमीन करतो आहे आणि सैनिक नंतर रंगवणार आहे.

जमिनीसाठी खरी काळी मातीच वापरून पाहिली. शेतातून आणलेली कोरडी माती आधी कुटली, चहाच्या गाळणीने चाळली आणि जुन्या तव्यावर चांगली भाजून घेतली, म्हणजे त्यात बी किंवा किडा राहत नाही. मग पाण्यात तिचा दाटसर गारा करून सनबोर्डच्या (फोमच्या हलक्या पाटीच्या) तुकड्यावर पसरला आणि सावलीत वाळू दिला. काळी माती ओली असताना फुगते आणि वाळताना आकसते, त्यामुळे शेतात पडतात तशाच भेगा माझ्या तुकड्यावर आपोआप पडल्या. थर जाड असला तर भेगा रुंद आणि दूर दूर पडतात, पातळ असला तर बारीक आणि जवळ जवळ पडतात. १:७२ प्रमाणाच्या, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या, सैनिकाची उंची साधारण २३ मिलिमीटर असते. त्याच्या पावलापेक्षा भेग रुंद दिसली की सगळे प्रमाण बिघडते, आणि म्हणून दीड-दोन मिलिमीटरचा थर मला योग्य वाटला.

माझे प्रश्न असे आहेत. वाळलेला थर बोर्डवरून पापुद्र्यासारखा सुटतो, तो कसा धरून ठेवावा? ज्वारी काढल्यानंतरचे धसकट दाखवण्यासाठी टर्किश टॉवेलचा तुकडा गोंदात बुडवून, रंगवून लावला आहे. तो योग्य दिसेल का? आणि तटाला कोणते सामान वापरावे? थर्माकोलच्या तटावर मी घाईने स्प्रेचा काळा रंग मारला आणि दहा मिनिटांत बुरुजाचा वरचा भाग विरघळून खड्डा पडला. आठवडाभराचे काम वाया गेल्याचे फार वाईट वाटले.

सीनाकाठ

आपला विषय वाचून आनंद झाला. माझी शेती सीनेकाठी आहे, त्यामुळे फक्त जमिनीबद्दल लिहितो.

धसकट काढून टाका. आपल्या भागात रब्बीची ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात. उपटल्यावर रानात ताटांचे खुंट उरत नाहीत, उरतात ती उपटल्या जागेची छोटी खळगी आणि मुळांबरोबर वर आलेली ढेकळे. ज्वारीची काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये आटोपते, त्यामुळे मे महिन्यात एखादे रान भेगाळलेले पडून असते, तर शेजारचे नांगरून उन्हात तापत ठेवलेले असते. नांगरलेल्या रानात भेगा दिसत नाहीत, तिथे मोठमोठी ढेकळे असतात. आपल्या टेबलावर ही दोन्ही राने शेजारी शेजारी दाखवलीत, तर ज्याला शेती ठाऊक आहे तो महिना अचूक ओळखेल.

दुसरी गोष्ट रंगाची आहे. काळी माती ओली असतानाच काळी दिसते. मे महिन्यात ती राखाडी होते आणि तिच्यावर फिकट, किंचित पिवळसर धूळ असते. गोंद लावल्यावर आपली माती पुन्हा ओल्यासारखी गडद झाली असणार. तशीच ठेवलीत तर टेबलावर आषाढ दिसेल.

कडबा मात्र जरूर दाखवा. रानाच्या कडेला किंवा वस्तीजवळ कडब्याची गंज असतेच आणि लढाईच्या दृष्टीने ती उत्तम आडोसा आहे. झाडूच्या बारीक काड्या सारख्या लांबीच्या कापून, सुताने पेंढ्या बांधून रचल्यात तर सुंदर दिसतील. ज्वारीचे ताट पुरुषभर उंच वाढते, त्यामुळे आपल्या प्रमाणात एक पेंढी अडीच सेंटीमीटरच्या आसपास असावी.

भुईकोट

सीनाकाठ, मनापासून आभार. मी लहानपणापासून ज्वारीची राने पाहत आलो आहे, पण उपटलेले रान आणि कापलेले रान यांतला फरक टेबलावर आणायचा असतो हे सुचलेच नव्हते. टॉवेलचे तुकडे आज काढले. ढेकळांसाठी वेगळे काही आणावे लागणार नाही, कारण बोर्डवरून सुटलेले मातीचे पापुद्रे बोटांनी चुरले की हव्या त्या आकाराची ढेकळे मिळतात.

शून्य नंबर

माती धरून ठेवण्याबद्दल आणि तटाबद्दल सांगतो.

सनबोर्ड गुळगुळीत असतो, त्यामुळे मातीला धरायला काही मिळत नाही. आधी बोर्डवर जाड पॉलिश पेपर फिरवून तो खरखरीत करा, त्यावर फेविकॉलचा थर द्या, तो ओला असतानाच बारीक वाळू भुरभुरवा आणि पूर्ण वाळल्यावर वरून गारा पसरा. भेगा पडून थर कडक झाला, की एक भाग फेविकॉल आणि चार भाग पाणी यांच्या मिश्रणात भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब घालून ते ड्रॉपरने भेगांच्या कडेने सोडा. साबणामुळे पाणी मातीवर थेंब होऊन बसत नाही, लगेच आत शिरते. ब्रशने लावू नका, भेगांच्या कडा मोडतात. दुसऱ्या दिवशी हेच पुन्हा करा.

गडद झालेल्या मातीसाठी ड्रायब्रश हा एकच उपाय आहे. राखाडीत थोडा पिवळट तपकिरी मिसळून रुंद, आखूड केसांच्या ब्रशवर घ्या आणि कागदावर पुसून पुसून इतका कोरडा करा की अंगठ्यावर फिरवल्यास रंगाचा पुसट मागच उमटेल. असा ब्रश आडवा फिरवला की रंग फक्त उंचवट्यांना लागतो आणि भेगा गडद राहतात. दुसरा हात आणखी फिकट रंगाचा आणि पहिल्यापेक्षा कमी जागेवर द्या.

स्प्रेमध्ये असणारे द्रावक थर्माकोल विरघळवते. तसा स्प्रे मारायचाच असेल, तर आधी फेविकॉलमध्ये काळा अॅक्रिलिक रंग मिसळून दोन हात द्यावे लागतात आणि एकही टोचा उघडा राहता कामा नये. तटासाठी मात्र मी थर्माकोल सुचवणार नाही, कारण त्याचे दाणे सुटतात आणि दगडाची कड कधीच धारदार येत नाही. डिजिटल बॅनर करणाऱ्यांकडे सनबोर्डच्या पट्ट्या उरतात आणि बहुतेक जण त्या सहज देतात. त्यावर रिकाम्या बॉलपेनने दगडांचे सांधे दाबून कोरता येतात. एक गोष्ट पाळा : सगळे चिरे एका मापाचे कोरू नका. तळाशी मोठे आणि वर लहान असे कोरा, आणि मधूनच एखादा चिरा कटरने किंचित खरवडा.

किल्ला संपूर्ण करण्याचा विचार असेल तर तो सोडा. तीनशे मीटर लांबीचा तट १:७२ प्रमाणात चार मीटरहून अधिक होतो. प्रशियात १८२४ मध्ये राइसवित्झ या सैनिकी अधिकाऱ्याने जो युद्धखेळ सैन्यापुढे ठेवला, त्यात नकाशाचे प्रमाण १:८००० होते आणि सैनिकांच्या जागी ठोकळे होते, म्हणून मोठे रणांगण एका मेजावर मावत असे. आपण सैनिकाचा चेहरा दिसावा म्हणून १:७२ घेतो, तेव्हा जमिनीचा एक तुकडाच आपल्या वाट्याला येतो. दोन बुरूज, त्यांमधला तट, पुढे खंदक आणि मागे दुसऱ्या तटाची नुसती वरची कड एवढेच करा. सोलापूरचा किल्ला दुहेरी तटाचा आहे, हे त्या मागच्या कडेवरून समजेल.

भुईकोट

हा सल्ला मानतो. एक कोपराच करतो. खंदकातल्या पाण्यासाठी रेझिन ओतावे का? आणि तटाचा रंग नेमका कोणता द्यावा? किल्ल्याचा दगड काळा आहे, पण काळा रंग दिल्यावर तट जळाल्यासारखा दिसतो.

शून्य नंबर

आपल्याकडच्या उन्हाळ्यात रेझिन टाळावे. ते घट्ट होताना स्वतःच तापते, त्यात खोलीचे तापमान चाळिशीच्या वर असेल तर ते फार लवकर आळते आणि खालचा फोम वाकतो. खंदकाचा तळ आधी मधोमध गडद हिरवट तपकिरी आणि कडेकडेला मातकट असा रंगवून घ्या. त्यावर टिश्यू पेपर पातळ फेविकॉलने चिकटवून बोटाने हलक्या सुरकुत्या पाडा, पुन्हा तेच रंग द्या आणि शेवटी ग्लॉस वार्निशचे तीन हात द्या. मे महिन्यातले साचलेले पाणी असेच दिसते.

तटाला काळा रंग फक्त सांध्यांत ठेवा. एखाद्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास किल्ल्याच्या बागेत जाऊन तटासमोर उभे राहा. ऊन पडलेला दगड तपकिरी झाक असलेला राखाडी दिसतो, पावसाचे पाणी जिथून ओघळते तिथे काळे पट्टे असतात आणि पायथ्याला धुळीची फिकट रेघ असते. त्या रंगांची नोंद वहीत कागदावर रंग लावूनच करा, फोटोवर विसंबू नका. फोन सावल्या उजळ करतो आणि दगडाचा तपकिरीपणा घालवतो.

नवशिका

मी या छंदात नवीन आहे. माझ्याकडे मऊ प्लॅस्टिकचे १:७२ चे सैनिक आहेत. रंग लावल्यावर दोन दिवसांत बंदुकीवरचे आणि पायांवरचे पोपडे निघतात. शिवाय एप्रिलमध्ये प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) मारला तर सगळ्या अंगावर वाळूसारखे खरखरीत कण आले. दुकानदाराने प्रायमर खराब नसल्याचे सांगितले आणि दुसरा डबा घ्यायला लावला, पण त्यानेही तेच झाले. माझे काय चुकते आहे?

शून्य नंबर

आपला प्रायमर बहुधा चांगलाच असावा, वेळ चुकली आहे. उन्हाळ्यात दुपारी स्प्रेचे थेंब सैनिकापर्यंत पोहोचण्याआधीच हवेत अर्धे वाळतात आणि भुकटी होऊन बसतात. सकाळी सहा-सातच्या दरम्यान, वारा नसताना, वीस ते पंचवीस सेंटीमीटरवरून, थांबून थांबून मारा. तेही जमत नसेल तर ब्रशने लावायचा प्रायमर घ्या. आपल्या हवेत मी आठ महिने तोच वापरतो.

मऊ प्लॅस्टिकवर साच्यातून सुटण्यासाठी वापरलेला तेलकट थर असतो. सैनिक कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने घासा, धुवा आणि पूर्ण वाळू द्या. रंगकाम झाल्यावर बंदूक, भाला यांसारखे वाकणारे भाग पातळ केलेल्या फेविकॉलने एकदा लेपून घ्या आणि मगच मॅट वार्निश द्या. फेविकॉलचा थर लवचिक असतो, त्यामुळे भाला वाकला तरी रंग तडकत नाही.

पॅलेटवर रंग लवकर वाळत असतील, तर स्टीलचा चपटा डबा घ्या, तळाशी टर्किश टॉवेलचा ओला तुकडा आणि वर बटर पेपर ठेवा. कागद खालून सतत ओलसर राहतो आणि झाकण लावल्यास रंग दुसऱ्या दिवशीही वापरता येतो. भुईकोट यांनी काढून ठेवलेले टॉवेलचे तुकडे इथे उपयोगी पडतील.

हातमाग

टॉवेलचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्या घरात तीन पिढ्या मागाचे काम आहे. टॉवेल धसकटासाठी चालत नसला तरी माळरानासाठी उत्तम चालेल. टर्किश टॉवेलचे फंदे ब्लेडने वरून कातरले की फंद्याची दोन टोके सुटी होतात आणि उभे गवत तयार होते. सगळीकडे सारखे कातरू नका, कारण चरलेला माळ कुठे टक्कल पडल्यासारखा असतो आणि दगडाच्या आडोशाला गवत उंच राहते. रंग वाळलेल्या गवताचाच द्या, म्हणजे फिकट पिवळा, मुळाशी किंचित राखाडी.

आपल्या मूळ विषयात सैनिकांच्या पोशाखाबद्दल काहीच आलेले नाही. पेशव्यांच्या फौजेसाठी डोक्यावर पागोटे असलेले सैनिक तयार मिळतात का?

भुईकोट

मनासारखे मिळत नाहीत. इतर संचांतले सैनिक घेऊन, त्यांच्या टोप्या कटरने काढून मी एम-सीलची (मळून लावल्यावर कडक होणाऱ्या लुगदीची) पागोटी बसवतो आहे. मात्र दोन-तीन मिलिमीटरच्या गोळ्यावर पेच कोरायचे म्हणजे फार वेळ जातो, आणि सगळी पागोटी सारखीच दिसतात. किल्ल्याच्या बाजूने लढणाऱ्यांत अरब शिपाईही होते, त्यांची डोकी वेगळ्या पद्धतीने बांधलेली दाखवावी लागतील.

हातमाग

मग सुतानेच बांधा. पागोटे हे मुळात गुंडाळलेले कापड आहे, ते कोरण्यापेक्षा गुंडाळणे सोपे जाईल. बारीक सुताचा वीतभर तुकडा घ्या. साधे सूत केसाळ असते आणि रंग दिल्यावर ते केस उभे राहतात, म्हणून आम्ही ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताला, खळ लावतो तशीच इथेही लावायची : सूत पातळ फेविकॉलमध्ये बुडवा आणि दोन बोटांच्या चिमटीतून एकाच दिशेने ओढून घ्या, केस अंगाशी बसतात. ओलसर असतानाच एक टोक कानामागे इन्स्टंट गोंदाच्या कणभर थेंबाने पकडा आणि टाचणीच्या टोकाने कपाळावरून तिरपे, मग मागून, मग दुसऱ्या बाजूने तिरपे असे चार-पाच वेढे द्या. पेच आपोआप एकमेकांवर चढतात. प्रत्येक वेळी हात थोडा वेगळा पडतो, त्यामुळे दोन पागोटी सारखी होत नाहीत. अरब शिपायांसाठी दोन वेढे सैल घेऊन सुताचे टोक खांद्यावर सोडा.

रंगाबद्दलही माझे एक आग्रहाचे म्हणणे आहे. पांढरे सुती कपडे निव्वळ पांढऱ्या रंगाने रंगवू नयेत. कोरे सुती कापड पिवळसर असते आणि मोहिमेवरच्या माणसाचे कपडे मळलेले असणारच. तळाला उबदार राखाडी, त्यावर मातकट फिकट रंग आणि फक्त खांदा, गुडघा व पागोट्याच्या वरच्या पेचावर जवळजवळ पांढरा, असे तीन हात द्या. लाल रंगातही फरक करा. कंपनीच्या साध्या शिपायाच्या डगल्याचा लाल हा मंजिष्ठासारख्या मुळाच्या रंगाचा, विटकरीकडे झुकणारा असे, तर अधिकाऱ्याचा डगला महाग रंगाचा आणि भडक असे. उन्हाने विटलेला लाल खांद्यावर आधी दिसतो, म्हणून तिथे पांढरा न मिसळता थोडा फिकट नारिंगी मिसळा, कारण पांढरा मिसळला की लालाचा गुलाबी होतो.

नवशिका

हातमाग यांच्या पद्धतीने काल रात्री तीन पागोटी बांधली. पहिल्यात गोंद जास्त झाल्याने सूत काचेसारखे चकाकू लागले, दुसरे सुटले, तिसरे मात्र इतके चांगले झाले की घरातल्या सगळ्यांना भिंगातून दाखवले. दिवाळीत आम्ही किल्ला करताना विटांवर चिखलात भिजवलेले पोते टाकून डोंगर करत असू. तीच पद्धत टेबलावर लहान प्रमाणात चालेल का?

भुईकोट

चालते, आणि मी सीनेच्या काठाची दरड तशीच केली आहे. वर्तमानपत्राचे बोळे चिकटपट्टीने बोर्डवर बसवून त्यावर जुन्या धोतराचे तुकडे फेविकॉलच्या पाण्यात बुडवून टाकले. पोत्याची वीण या प्रमाणात फार जाड दिसते, धोतराची दिसत नाही. कापड ओले असताना काडीने वरून खाली ओढले की पाण्याने कापलेल्या काठासारख्या घळी पडतात.

कालपर्यंतची प्रगती सांगतो, फोटो सोबत आहेत. शून्य नंबर यांच्या पद्धतीने वाळूवर पसरलेली माती आता बोर्ड उलटा धरला तरी सुटत नाही. टेबलाचा डावा भाग भेगाळलेला, उजवा नांगरलेला आणि मध्ये बांध आहे. बांधावरच्या दोन बाभळींसाठी मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून जुनी तांब्याची तार आणून पिळली आणि नारळाच्या काथ्याचे विरळ पुंजके लावले. दाट लावले तेव्हा ती आंब्याची झाडे वाटत होती, निम्मे उपटल्यावर बाभळी झाल्या. कडब्याच्या दोन गंजी रचून झाल्या आहेत.

सर्वांत समाधान देणारी गोष्ट ही की सैनिकांच्या पायाखालच्या चकत्यांवरही मी त्याच मातीचा थर दिला आणि तसाच ड्रायब्रश केला. तयार झालेला पहिला शिपाई भेगाळलेल्या रानात ठेवला, तेव्हा चकतीची कड कुठे संपते आणि रान कुठे सुरू होते हे हातभर अंतरावरून मला शोधावे लागले.

सीनाकाठ

फोटो पाहिले. भेगाळलेले रान अगदी खरे आहे. नांगरलेल्या भागात एक दुरुस्ती सुचवतो. आपली ढेकळे सगळीकडे सारखी विखुरलेली आहेत. नांगराच्या तासाला, म्हणजे फाळाने पडलेल्या चरीला, दिशा असते आणि ढेकळे त्या तासाच्या कडेने ओळीत पडतात. शेत लांबट असेल तर तास लांबीच्या दिशेने घ्या आणि बांधाजवळ जिथे बैल वळतात तिथे दोन-तीन तास आडवे दाखवा.

भुईकोट

योग्य आहे, तास दाखवायचे राहून गेले. तो भाग पुन्हा भिजवून, जाड दातांच्या कंगव्याने लांबीच्या दिशेने तास ओढतो आहे आणि ढेकळे त्यांच्या कडेने बसवतो आहे. बांधालगत दीड इंच जागा आडव्या तासांसाठी सोडली आहे. माती वाळायला दोन दिवस लागतील. त्यानंतर तटाच्या कोपऱ्याचे काम हाती घेईन आणि त्याचे फोटो याच धाग्यावर देईन.